रूपांतर फसले, माहिती नव्हे

२००६ साल. भारनियमनाचे दिवस. परभणी जिल्ह्यातील एका शिक्षकमित्राच्या घरी विंडोज एक्सपीचा संगणक होता, पण हार्ड डिस्कवर जुनी फॅट३२ ही फाइलव्यवस्था होती. ती एनटीएफएसमध्ये बदलण्यासाठी त्यांनी ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा दिली. संगणक पुन्हा सुरू झाला, काही ओळी झरझर सरकल्या आणि शेवटी उत्तर आले : रूपांतर झाले नाही. दुरुस्ती करणाऱ्याने लगेच सांगितले, “फॉरमॅट मारा.” डिस्कवर कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या.

हा सल्ला आम्हाला अशास्त्रीय वाटतो. फाइलव्यवस्था ही पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी असते; कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे, ते ती सांगते. कन्व्हर्ट मोकळ्या जागेत नवी अनुक्रमणिका तयार करतो आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर जुनी रद्द करतो. त्यामुळे काम मध्येच थांबले तरी बहुतेक वेळा जुनी व्यवस्था शाबूत असते. ‘झाले नाही’ याचा अर्थ ‘गेले’ असा नव्हे! प्रोग्रॅमची ही आखणी खरोखर वाखाणण्याजोगी आहे.

दोष आहे तो त्याच्या बोलण्यात. नकार ठळक दिसतो, कारण मात्र सरकत्या ओळींत हरवते. मोकळी जागा अपुरी असणे हे एक नेहमीचे कारण. येथे कारण दुसरे होते : वीज अचानक गेल्याने फॅटच्या नोंदींत चुका राहिल्या होत्या. एनटीएफएस बदलांची रोजनिशी ठेवते, म्हणून वीज गेल्यावर तिची रचना सहसा सावरते. म्हणजे ज्या आजारासाठी औषध हवे होते, तोच औषधाच्या आड आला होता.

आम्ही आधी फाइली सीडीवर उतरवल्या, ‘चेकडिस्क’ने चुका दुरुस्त केल्या आणि मग तीच आज्ञा पुन्हा दिली. रूपांतर झाले. मात्र रोजनिशी रचना सांभाळते, न साठवलेला मजकूर नव्हे. आणि फॅटकडे परतायचे तर फॉरमॅटच करावे लागते. म्हणून आधी प्रत काढणे आवश्यकच.

आमची खरी तक्रार संगणक शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. आज्ञा पाठ होतात, त्या आत काय करतात हे सांगितले जात नाही. फॅट३२ असलेल्या एखाद्या जुन्या, रिकाम्या पेनड्राइव्हवर हा प्रयोग वर्गात आजही करता येतो. नकार आला, तर पुसून टाकण्याआधी विद्यार्थ्यांना कारण शोधू द्यावे.