छत्तीस, सव्वीस आणि काकूचा प्रश्न

पेटची तयारी करणारी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात, "ताई, पेपर चांगला की वाईट हे ठरवायचं कसं?" आज एकच पेपर घेऊन बघू. विषय दारूचा आहे. मी रसायनशास्त्राची, मनोविकारशास्त्राची नाही. पण पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरात दारू पुस्तकातून आलेली नाही, म्हणून हा पेपर मी जरा जास्तच बारकाईने वाचला.

डॉ. अभिजित नाडकर्णी हे मनोविकारतज्ज्ञ. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेतून त्यांनी व्यसनांवर संशोधन केलं. त्यांच्या कामाचा क्रम बघा. आधी गोव्यातले पुरुष कसे पितात आणि दारूकडे कसं बघतात याचा अभ्यास. मग त्यावरून छोटा उपचार तयार केला. तो कसा घडवला, यावरच २०१५ मध्ये वेगळा पेपर. त्यानंतर मोठी चाचणी, जी 'द लॅन्सेट'मध्ये आली. आपण सिनॉप्सिससाठी दर महिन्याला नवा टॉपिक शोधतो. इथे एकच प्रश्न वर्षानुवर्षं पुढे नेलेला दिसतो.

चाचणी अशी. गोव्यातली १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, धोकादायक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एका गटाला डॉक्टरांचा नेहमीचा, थोडा सुधारलेला उपचार. दुसऱ्याला तोच उपचार, शिवाय जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला एक मिळत नाही, तिथे ही गोष्ट छोटी नाही.

तीन महिन्यांनी समुपदेशन गटातले ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले, दुसऱ्या गटातले २६ टक्के. पेपरात हे 'दीडपट' असं येतं. दीडपट ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात शंभरातले दहा जास्त. दोन्ही आकडे खरे आहेत, पण तुम्ही दोन्ही मांडायला शिका. वर्षभरानंतर हा फरक टिकला, उलट वाढला: ५४ विरुद्ध ३२ टक्के.

आता त्या २६ टक्क्यांकडे बघा. समुपदेशन नसतानाही चौथा हिस्सा माणसं सुधारली! तुलनेचा गट नसता तर सगळं श्रेय समुपदेशनाला गेलं असतं. आमच्या शेजारच्या राळेगणसिद्धीत दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णा हजारे यांनी स्वतः सांगितलं आहे. गावातली दारू गेली, हे उदाहरण आजही दिलं जातं. ती मारहाण योग्य की अयोग्य हा एक प्रश्न. संशोधनाचा प्रश्न वेगळा: दारू माराने गेली, भट्ट्या बंद झाल्याने गेली, की पाणी आल्यावर हाताला काम मिळाल्याने? तुलना नाही, म्हणून सांगता येत नाही.

पेपरात एक जागा अशी आहे जिथे वाचणारा सहज घसरतो. शेवटच्या १४ दिवसांत जे प्यायले, त्यांचं रोजचं सरासरी प्रमाण समुपदेशन गटात ३७ ग्रॅम, दुसऱ्यात ३१. म्हणजे समुपदेशनाने पिणं वाढलं? नाही. एक तर हा फरक सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण नाही. दुसरं, समुपदेशन गटातले ४२ टक्के त्या १४ दिवसांत प्यायलेच नाहीत, दुसऱ्या गटातले १८ टक्के. कमी पिणारे आधी थांबले असतील तर मागे उरतात ते जास्त पिणारे. चिठ्ठी टाकून समान केलेले गट उरलेल्यांची तुलना करताना समान राहत नाहीत. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी व्हायवात उपयोगी पडेल.

मग माझी तक्रार कशाबद्दल? अति पिण्याच्या दिवसांत फरक पडला नाही. दारूमुळे होणाऱ्या त्रासाच्या मोजपट्टीवर नाही. बायकोवरच्या हिंसाचारातही नाही. लेखकांनी हे लपवलं नाही, सारांशातच छापलं, त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण. पण मुख्य मोजमापं पुरुषाने स्वतः दिलेल्या उत्तरांवर उभी आहेत. घरातल्या बाईला विचारून ठरवलेलं 'बरं होणं' त्यात नाही. हा पेपर उद्धृत करताना मात्र लोक छत्तीसचा आकडा उचलतात आणि हे 'नाही' मागे ठेवतात. आपण तसं करायचं नाही.

हे सगळं मी काकूला सांगून पाहिलं. चुलते आता रोज पीत नाहीत, बाजाराच्या दिवशी पितात. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "सहा दिवस बरा, पण सातव्या दिवशी मी झोपायचं कुठं, ते मोजलंय का त्यांनी?"

मोजलंय, काकू. फरक सापडला नाही. तो सातवा दिवस कसा बदलायचा, हा प्रश्न अजून मोकळा आहे. तुमच्यापैकी कुणाला टॉपिक हवा असेल तर घ्या.