भाच्याचा मफलर

माणसानं मामा जरूर व्हावं, पण भाच्यानं हौसेनं विकत घेतलेल्या वस्तूबद्दल मत देऊ नये. मी दिलं. आणि तेही अ‍ॅरिझोनात, त्याच्याच घरात, त्याच्याच ताटातली पुरणपोळी खाता खाता.

त्याचं असं झालं. तीसेक वर्षं मी पुण्यातल्या एका साप्ताहिकात गाण्याच्या बैठकींवर लिहीत होतो. 'खर्ज भरदार होता, पण तारसप्तकात गळा चिकटला' अशा थाटाचं. वाचक फारसे नव्हते, पण भाचा होता. त्यामुळे आम्ही उभयता फिनिक्सला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला त्यानं मला हलवून उठवलं. "मामा, बाहेर चला. तुमच्यासारख्या कानसेनाला काहीतरी ऐकवायचंय."

बाहेर त्याची पिकअप उभी होती. पिकअप म्हणजे आपल्याकडची टोमॅटोची गाडी नव्हे. चढायला पायरी लागते आणि उतरायला धैर्य. २००८ सालची, डिझेलवरची. भाच्यानं किल्ली फिरवली आणि खडकवासल्याचे दरवाजे उघडावेत तसा आवाज झाला. समोरच्या घरातला दिवा लागला. मग शेजारच्या. मग कुत्री.

"कसा वाटला?"

"जुना आवाज कसा होता?" मी विचारलं. समीक्षकानं वेळ काढायची ही जुनी युक्ती.

"अहो, जुना आवाजच नव्हता! मफलर होता ना."

इथं थोडा खुलासा करायला हवा. आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो, त्याला अमेरिकेत मफलर म्हणतात. आपला मफलर दिवाळीनंतर पुण्यातले ज्येष्ठ नागरिक कानाला गुंडाळून पर्वतीवर जातात, तो. दोन्ही मफलरांचं काम एकच, आवाज अडवणं. तर भाच्यानं कंपनीनं दिलेला मफलर आणि त्यामागची चार इंची नळी काढून टाकली होती आणि नऊशे डॉलर मोजून पाच इंची चकचकीत स्टेनलेसची नळी बसवून घेतली होती. तिला जो मफलर होता तो नावापुरता, लग्नात मुलीच्या मामाला असतो तेवढ्या अधिकाराचा. आपल्याकडे पुण्याचे पोलीस बुलेटचे असले फटाक्यांचे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात. इथं ते घरपोच येतात.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"ओढण्यासाठी!" भाचा म्हणाला आणि त्यानं मागच्या अंगणाकडे बोट केलं. तिथं कॅम्पर उभा होता. कॅम्पर म्हणजे चाकांवरची वन-रूम-किचन. पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी, सगळं. आमची सदाशिव पेठेतली दोन खोल्यांची जागा ओढून नेता आली असती तर फार वेगळी दिसली नसती. सगळं भरल्यावर वजन सात हजार पौंड, म्हणजे तीन टनांच्या वर. ते घेऊन आम्ही फ्लॅगस्टाफच्या थंड हवेला जायचं होतं.

मग त्यानं मला कॅटलॉग दाखवला. आता समीक्षेचा विषय खरा तो कॅटलॉग. विशेषणांचा असा सुकाळ मी दिवाळी अंकांच्या संपादकीयातही पाहिला नाही. आवाज 'खोल' होता, 'आक्रमक' होता, 'घशातून आलेला' होता. ताकद वाढणार होती, डिझेल वाचणार होतं, इंजिन 'मोकळा श्वास' घेणार होतं. मी आयुष्यभर असलीच विशेषणं विकून पोट भरलं, त्यामुळे मला लगेच वास आला. गवयाकडे सांगण्यासारखं काही नसलं की आपण त्याच्या घशाबद्दल लिहितो.

दोन रात्री बसून मी ते प्रकरण समजून घेतलं. इंजिनातून निघालेला धूर बाहेर पडताना जितका अडेल तितकी इंजिनाची ताकद वाया जाते, हे खरं. पण २००७ पासून अमेरिकेतल्या डिझेल पिकअपना काजळी पकडणारा एक फिल्टर असतो. धुराला मुख्य अडथळा तिथं आणि त्याआधी टर्बोत. भाच्यानं बदलली ती फिल्टरच्या मागची नळी. म्हणजे टोलनाक्याच्या पुढचा रस्ता आठपदरी केला. नाक्यावरची रांग जिथल्या तिथं!

हे मी पुरणपोळीच्या ताटावर बोललो.

भाचा काही बोलला नाही. भाचेसून मात्र म्हणाली, "मामा, आणखी एक पोळी वाढू?" तिच्या आवाजात मला बऱ्याच दिवसांनी न्याय मिळाल्याचा आनंद दिसला.

तो फिल्टरच काढून टाकावा, असा सल्ला देणाराही एक कारागीर भाच्याला भेटला होता. हे बेकायदा आहे. १९७०च्या हवा-शुद्धीच्या कायद्याखाली धुरावरच्या यंत्रणेशी असली छेडछाड चालत नाही. तरी लोक करतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०२० साली हिशेब मांडला, तेव्हा आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपच्या यंत्रणा काढल्या गेल्याचं निघालं. त्यातले काही शौकीन मुद्दाम काळा धूर सोडतात. काळा धूर म्हणजे पुरतं न जळलेलं डिझेल. पैसे जाळायचे आणि तेही अर्धवट! भाच्यानं त्या कारागिराला नकार दिला होता, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. बहिणीनं मुलाला वळण चांगलं लावलं आहे. प्रश्न फक्त पाच इंचांचा होता.

आणि आवाजाच्या वेडात तो एकटा होता असंही नाही. खुद्द फोर्डनं आपल्या एफ-१५० ट्रकच्या काही इंजिनांचा आवाज गाडीतल्या स्पीकरमधून वाढवून आत सोडायची सोय केली होती. नवी इंजिनं फार शांत झाली, आणि गिऱ्हाइकाला शांतता म्हणजे अशक्तपणा वाटू लागला. २०१५ साली वर्तमानपत्रांनी हे छापलं तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. मला बसला नाही. मी प्लेबॅकच्या देशातला.

शनिवारी निघालो. फिनिक्सला त्रेचाळीस अंश. तिथून सतरा नंबरचा हायवे सुरू होतो तो थेट फ्लॅगस्टाफला संपतो. दोनशे तीस किलोमीटरच्या आसपास, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटरवरून एकवीसशे मीटरवर. ताशी साठ मैलांचा वेग झाला आणि नळी बोलू लागली. पहाटेचा तो गडगडाट परवडला. हा एकच स्वर. इंजिनाचे फेरे मिनिटाला अठराशे-दोन हजारांच्या घरात असले की असल्या नळ्या घुमतात, आणि जड ओझं घेऊन हायवेवर जाताना फेरे नेमके तिथंच राहतात. गाडीचा पत्रा, सीट आणि माझी दाढ एका सुरात थरथरू लागली.

"याला ड्रोन म्हणतात," भाचा ओरडून म्हणाला.

इंग्रजीत लिहिणारे तानपुऱ्यालाही ड्रोनच म्हणतात. पण तानपुऱ्यावर पुढे कुणीतरी गातं. इथं तीन तास नुसतं जुळवणंच चाललं होतं! मागच्या सीटवर आमच्या सौ. आणि भाचेसून खुणांनी बोलत होत्या. सौ.नी मला तहान लागल्याचं सांगितलं, ते मी 'झोप येते' असं समजलो. त्यावरून पुढे दोन दिवस अबोला झाला, पण तो बाहेरच्या तुलनेत फार सुखाचा वाटला.

चढाला मात्र गाडीनं तक्रार केली नाही. इथं मी भाच्याला एक शाबासकी देऊन टाकतो. नळीबरोबर त्यानं एक छोटं घड्याळ बसवलं होतं, धुराचं तापमान दाखवणारं. लांबलचक चढावर त्याचा काटा वर सरकू लागला की तो पाय हलका करी, वेग पन्नासवर आणी, काटा खाली येई. एवढ्या सगळ्या खरेदीत ओझं ओढायला कामाची वस्तू ती एक. तिला आवाज नव्हता.

रात्री तळावर शेकोटीपाशी शेजारच्या कॅम्परमधले एक म्हातारबा येऊन बसले. चाळीस वर्षं मोठे ट्रक चालवून निवृत्त झालेले. त्यांनी भाच्याची नळी कंदिलाच्या उजेडात पाहिली, तीवर बोटानं टिचकी मारली आणि विचारलं, "चढायला उत्तम. उतरायला काय लावलं आहेस?"

भाचा म्हणाला, "ब्रेक."

म्हातारबांनी मान हलवली आणि कॉफी घेतली. आमच्याकडे जुने उस्ताद नव्या गवयाला 'जीते रहो' म्हणत, तशी ती मान होती.

त्यांच्याकडूनच मला कळलं की असल्या गाड्यांच्या ओढण्याच्या आकड्यांसाठी २००८ साली एक सामाईक कसोटी ठरली, आणि ती कसोटी याच अ‍ॅरिझोनातल्या घाटाच्या मापानं आहे. बुलहेड सिटीकडून वर जाणारा डेव्हिस डॅमचा चढ. सव्वाअकरा मैलांहून थोडा जास्त. शंभर फॅरनहाइटच्या वर ऊन, आतला एसी पूर्ण सुरू, मागं पूर्ण ओझं, आणि साध्या पिकअपनं चाळीस मैलांच्या खाली यायचं नाही. शिवाय थांबणं, सरळ चालणं, उतारावर हँडब्रेकवर उभं राहणं. आवाजाला गुण नाहीत. भाच्याच्या गाडीचा आकडा त्याआधीचा, कंपनीनं आपल्या गजानं मोजलेला.

सोमवारी परत निघालो. पठार संपतं आणि रस्ता व्हर्डेच्या खोऱ्यात उतरतो, शंभराला सहा असा. खंडाळ्याची आठवण यावी असा देखावा, आणि मला आलीही. माझ्या ओळखीचे एक ट्रकवाले बोरघाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करीत. त्यांची ओळख आता भिंतीवरच्या फोटोशीच आहे.

भाच्यानं न्यूट्रल केलं नव्हतं. पण डिझेल इंजिनाची एक गंमत असते. पेट्रोलच्या गाडीत पाय काढला की हवेचा दरवाजा मिटतो आणि इंजिन गाडीला मागं खेचतं. डिझेलमध्ये तसा दरवाजा कामाला नसतो, त्यामुळे ते फारसं धरत नाही. मागचे तीन टन पुढे यायला उत्सुक. भाचा ब्रेक दाबी, सोडी, दाबी. आधी तो बोलत होता. मग गप्प झाला. वळणावर त्यानं पाय जरा जास्त वेळ ठेवला, आणि करपलेल्या पोळीसारखा वास आत आला. भाचेसून म्हणाली, "अहो, वास येतोय." तो म्हणाला, "माहीत आहे." त्याचे कान पांढरे पडले होते. तो पाच वर्षांचा असताना विहिरीच्या काठावरून मी त्याला मागं ओढला होता. तेव्हा ते तसेच दिसत होते. या वेळी ओढायला मी मागं नव्हतो, शेजारी पट्टा बांधून बसलो होतो.

उजवीकडे खडीनं भरलेला चढता फाटा दिसला. ब्रेक गेलेल्या ट्रकनं शिरून रुतून बसावं म्हणून केलेला. मी त्याच्याकडे पाहिलं, भाच्यानंही पाहिलं. मग त्यानं गिअर हातानं दोन पायऱ्या खाली आणला. नळी किंचाळली, तिनं आयुष्यात एकदाच योग्य जागी सूर लावला. वेग उतरला. पुढच्या रुंद जागी गाडी थांबली. चाकांतून धूर येत होता.

अर्धा तास कुणी खाली उतरलं नाही. मग भाच्यानं गुडघ्यापाशी असलेली एक डबी दाखवली. मागच्या कॅम्परचे ब्रेक वेगळे, विजेवर चालणारे. त्यांचा जोर त्या डबीतून ठरवतात. शहरात हिसके बसतात म्हणून त्यानं महिन्यापूर्वी तो कमी करून ठेवला होता. वाढवायचा राहिला होता.

"नळी बसवायला दोन शनिवार घालवले मी, मामा," तो म्हणाला. "ही चकती फिरवायला दोन सेकंद लागतात."

मी काहीच म्हटलं नाही. समीक्षकाला बोलायची एवढी चांगली संधी मी पूर्वी कधी सोडली नव्हती.

म्हातारबांनी विचारलं होतं ती वस्तू भाच्यानं पुढच्या महिन्यात घेतली. तिला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात. धुराच्या वाटेवर एक झडप. उतारावर पाय काढला की ती मिटते, धूर कोंडतो, आणि तो कोंडलेला धूर बाहेर ढकलता ढकलता इंजिन सगळी गाडी धरून ठेवतं. पुढच्या पिढीच्या डिझेल पिकअपना हे काम बहुधा कारखान्यातूनच येऊ लागलं. सारा कॅटलॉग 'धुराला वाट मोकळी करा' म्हणून गळा काढतो, आणि घाटात जीव वाचवणारी वस्तू ती जी वाट अडवते! कॅटलॉगमध्ये ती होती. शेवटून तिसऱ्या पानावर, एकही विशेषण नसलेली.

आम्ही पुण्याला परत आल्यावर भाच्याचा फोन आला. "मामा, ऐका," म्हणाला आणि त्यानं फोन गाडीजवळ धरला. मला काही ऐकू येईना. मला वाटलं, लाइन गेली.

"जुना मफलर परत लावला," तो म्हणाला. "सोसायटीचंही पत्र आलं होतं, ते काही कारण नव्हे."

पाच इंची नळीचं काय केलं, ते भाचेसुनेनं सौ.ना कळवलं. मागच्या अंगणात पुरून तीवर दोडक्याचा वेल चढवला आहे. स्टेनलेस असल्यामुळे गंजत नाही, आणि दोडकी फिनिक्सच्या उन्हात फार चांगली लागतात म्हणे.