व्होल्ने, स्टीलचे पेले आणि सहापैकी चार

मे महिन्यात थळला घरी होते, तेव्हा फ्रान्सहून आलेल्या आत्येभावाने दोन बाटल्या आणल्या. उत्पादक एकच, वर्ष एकच, द्राक्षही एकच, पिनो न्वार. फरक लेबलवर. एकीवर नुसतं 'बूर्गोन्य', म्हणजे बर्गंडी, आणि दुसरीवर 'व्होल्ने'. बर्गंडीत प्रतवारी जमिनीची असते: तळाला अख्ख्या प्रदेशाचं नाव, त्यावर गावाचं, मग 'प्रीमिए क्रू', सगळ्यात वर 'ग्रां क्रू'. व्होल्ने हे गाव. त्याचं नाव लावायचं तर द्राक्षं ठरवून दिलेल्या जमिनीतलीच हवीत. दादाला ती बाटली जवळपास दुप्पट किमतीला पडली होती.

पहिल्या दिवशी मी लेबल बघतच चव घेतली. (आमच्याकडे 'रूम टेम्परेचर' म्हणजे ३३ अंश. त्यावर नुसता अल्कोहोलचाच वास येतो. पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा.) वहीत लिहिलं: रंग फिका, ग्लासाआड धरलेलं बोट दिसतं. आंबटपणा कोकमासारखा स्वच्छ. तुरटपणा जांभळाइतका नाही, जिभेच्या कडेला थोडासाच. वास नाजूक, सुगंधी, चेरीचा.

रात्री ही नोंद परत वाचली आणि शेवटच्या ओळीवर अडकले. फिका रंग ठीक, पिनो न्वारची साल पातळ असते आणि तिच्यात रंगद्रव्यं कमी. पण 'नाजूक, सुगंधी' हे विशेषण व्होल्नेबद्दल जो तो लिहितो, जसं शेजारच्या पोमारला जो तो 'दणकट' म्हणतो. मग मी वास घेतला होता की वाचलेलं आठवलं होतं? आणि चेरी? मी लहानपणापासून केकवर जी 'चेरी' खाल्ली, ती बहुतेक वेळा पाकातलं, रंगवलेलं करवंद असते. ज्या फळाचा वास माझ्या नाकाला माहीत नाही, त्याचं नाव मी बेधडक लिहून टाकलं होतं. डेव्हिसच्या अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचं चक्र मांडलं. त्यासोबत प्रत्येक शब्दासाठी नमुनाही बनवायचा असतो: साध्या वाइनमध्ये तो पदार्थ घालून वास घ्यायचा आणि मगच शब्द वापरायचा. हे आपल्याकडे कुणी करत नाही, मीही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रँगल टेस्ट केली. तीन पेले, दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. पेले स्टीलचे, म्हणजे रंग दिसायला नको. कोणत्या पेल्यात काय, हे दादाने फासा टाकून ठरवलं आणि स्वयंपाकघरात ओतलं. ट्रे मात्र बाबांनी आणला, कारण दादाचा चेहरा सगळं सांगतो. दारं-खिडक्या बंद, बाहेर जवळा वाळत होता.

सहा फेऱ्या. चार बरोबर.

मी खूश झाले. मग हिशेब केला. नुसत्या अंदाजाने प्रत्येक फेरीत बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. सहापैकी चार किंवा जास्त बरोबर येण्याची ७२९ पैकी ७३, म्हणजे दहा टक्के. पाच आले असते तर दोन टक्क्यांच्या आत गेले असते. म्हणजे हातात 'कदाचित' आलं, त्यापलीकडे काही नाही.

या विषयात २००१ चा एक प्रयोग फार सांगितला जातो. बोर्डोत वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरीच वाइन लाल रंगवून दिली, त्यांनी तिला लाल वाइनचे शब्द लावले. 'तज्ज्ञांना लाल-पांढरीही कळत नाही' असा त्याचा अर्थ काढतात, तो चुकीचा आहे. लाल की पांढरी हे त्यांना विचारलंच नव्हतं, वासाचे शब्द कोणत्या ग्लासाला जास्त लागू होतात ते विचारलं होतं. डोळ्यांनी शब्द निवडले, एवढंच त्यातून निघतं. पण तेवढंही मला पुरेसं झोंबतं.

कारण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी जिवाणूंच्या वसाहती मोजल्या, त्या प्लेटवरचं लेबल दिसत असताना. कडेच्या, एकमेकींना चिकटलेल्या वसाहती एक धरायच्या की दोन, हे मीच ठरवत होते. नंतर लेबल झाकून मोजल्यावर फरक जवळजवळ उरलाच नाही. तीन महिन्यांचं काम गेलं. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, हे सगळ्यात वाईट.

तर व्होल्नेबद्दल माझं मत: चांगली वाइन आहे. त्यातला आंबटपणा मला आवडला, तळलेल्या बोंबलाबरोबर तर फारच. दुप्पट चांगली आहे का, हे मी सांगू शकत नाही. दादा म्हणतो, गाव माहीत असण्यातच अर्धी मजा आहे. खरं आहे, पण मग ती मजा म्हणूनच लिहावी, चव म्हणून नाही.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, कार्ल्याचा पांढरा कांदा ती डोळे मिटून ओळखेल. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ती जास्तच ठाम आहे. बाजारातला दुसरीकडचा पांढरा कांदा आणून तिचीही परीक्षा घेतली. सहापैकी सहा! पण कांदे कापणारी मी, आणि भरवणारीही मीच. त्यामुळे तो निकाल अजून वहीत चढवलेला नाही, आणि आई माझ्याशी नीट बोलत नाहीये.