दार, नट आणि टायर

हास नावाच्या मोटार-शर्यतींच्या संघाला मी गेल्या काही वर्षांत जेवढे सल्ले दिले, तेवढे आमच्या ब्रँच मॅनेजरसाहेबांना दिले असते तर एव्हाना माझी बदली तरी झाली असती. हासवाल्यांनी अजून माझ्यावर काहीही कारवाई केलेली नाही. त्याचं कारण एवढंच, की माझे सल्ले त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. ते आमच्या दिवाणखान्यात बसलेल्या मंडळींपर्यंत पोचतात. आणि मंडळी स्वतःच सल्ले देण्यात गुंतलेली असल्यामुळे तिथेही पोचतात, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

हे व्यसन मला लागलं ते एका मालिकेमुळे. नेटफ्लिक्सवरची 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह'. मार्च २०१९ मध्ये तिचा पहिला भाग-संच आला, त्यात २०१८ च्या फॉर्म्युला वन मोसमाची हकीकत होती. त्या वर्षी मर्सिडीज आणि फेरारी या दोन सावकारांनी कॅमेऱ्याला दारात उभं केलं नाही. मग कॅमेरा गरिबांच्या वस्तीत गेला. तिथे त्याला हास संघ भेटला आणि संघाचा कारभारी गुंथर स्टाइनर भेटला. या माणसाच्या तोंडी दर तिसरा शब्द असा, की आमच्या सौभाग्यवती पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आवाज कमी करा, मूल अभ्यासाला बसलंय!" मूल माझ्या शेजारीच बसलेलं होतं.

आधी संघाची कुंडली सांगतो. मालक जीन हास. अमेरिकेत धातू कापायची यंत्रं बनवणारा कारखानदार. मुख्य कचेरी नॉर्थ कॅरोलायनातल्या कनापोलिसला, शर्यतींचं ठाणं इंग्लंडमधल्या बॅनबरीला, गाडीचा सांगाडा इटलीतल्या डॅलाराकडून आणि इंजिन, गिअरबॉक्स वगैरे ऐवज फेरारीकडून विकत. म्हणजे हेड ऑफिस एका देशात, शाखा दुसऱ्या देशात आणि गोडाऊन तिसऱ्या देशात. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला अशा संस्थेविषयी पहिल्या नजरेत प्रेम वाटलं नाही तरच नवल. मोठ्या संघांकडे हजाराच्या घरात माणसं, यांच्याकडे तीनशेच्या आसपास.

२०१६ साली मेलबर्नला पहिल्याच शर्यतीत या संघाने सहावा नंबर काढला. २०१८ मध्ये तर ९३ गुण मिळवून दहा संघांत पाचवा. पण त्याच २०१८ च्या पहिल्या शर्यतीत, पुन्हा मेलबर्नलाच, दोन्ही गाड्या चौथ्या-पाचव्या जागेवर पळत असताना टायर बदलायला आत आल्या, आणि दोन्ही वेळा चाकाचा नट नीट बसला नाही. दोन-तीन फेऱ्यांच्या अंतराने दोन्ही गाड्या रस्त्याच्या कडेला. बारा आणि दहा, एकूण बावीस गुण बुडीत खाती! टायर बदलायचा सराव कमी पडला, असं त्यांनी मागाहून कबूलही केलं. त्यानंतर स्टाइनरने मालकाला केलेला फोन मालिकेत आहे. तो मी सात वेळा पाहिला आहे. वरिष्ठांना फोनवर असं बोलता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तिथून घसरण लागली. २०१९ मध्ये नववा नंबर. पेय विकणाऱ्या ज्या कंपनीचं नाव काळ्या-सोनेरी गाडीवर झळकत होतं, तिने ऐन मोसमात, जुलै महिन्यात, ट्विटरवरून जाहीर करून टाकलं, की तुमची कामगिरी वाईट, आम्ही करार मोडला. आमच्याकडे बचत खातं उघडायला आलेल्या माणसाकडून आम्ही आधार, पॅन, दोन फोटो आणि त्याची उरलीसुरली माणुसकी घेतो. आणि इथे साऱ्या गाडीवर नाव रंगवलेल्या प्रायोजकाची ही तऱ्हा! २०२० मध्ये गुण तीन. २०२१ मध्ये शून्य. शून्य म्हणजे बावीस शर्यती, दोन गाड्या, आणि खतावणीत एकही जमा नोंद नाही.

आमच्या चर्चांना खरा बहर आला तो याच शून्याच्या वर्षी. युरोपातली शर्यत आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते. सहालाच मंडळी जमत. त्यांत तीन पंथ होते.

पहिला पंथ मेहुण्यांचा. त्यांचं म्हणणं, "दाजी, ड्रायव्हर बदला. बाकी सगळं ठीक आहे." मेहुण्यांचा स्वतःचा ड्रायव्हर दर चार महिन्यांनी बदलतो आणि गाडी तशीच खड्ड्यात जाते, पण ते असो. २०२१ मध्ये हासने दोन्ही पोरं नवखी घेतली होती. एक मायकेल शूमाकरचा मुलगा मिक, आणि दुसरा निकिता माझेपिन, ज्याच्या वडिलांच्या रशियन खत-कंपनीचं नाव गाडीवर होतं. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये संघाने त्या दोघांशी, म्हणजे बाप आणि लेक दोघांशी, संबंध तोडले आणि जुन्या केव्हिन मॅग्नुसनला परत बोलावलं. त्याने आल्या आल्या बहारीनमध्ये पाचवा नंबर काढला! त्या रात्री मेहुणे आमच्याकडेच जेवले आणि जेवताना तीनदा म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

दुसरा पंथ सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचा. त्याचं नाव स्वावलंबन. "सगळं फेरारीकडून आणायचं म्हणजे डबा लावून संसार करण्यासारखं आहे," ते म्हणायचे. "स्वतःची गाडी स्वतः बनवा, मग बघा." हा विचार उदात्त होता. तीनशे माणसांत तो कसा बसवायचा, याचा तपशील चेअरमनसाहेबांनी पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत राखून ठेवला होता.

तिसरा पंथ माझा. मी बी.कॉम. असल्यामुळे माझं निदान आर्थिक असे. मालकाने हात सैल सोडावा, म्हणजे सगळं जागच्या जागी येईल. हे मी ताळेबंदाच्या भाषेत अर्धा तास सांगू शकत असे आणि सांगितलंही आहे.

या तिन्ही पंथांच्या बाहेर एक गृहस्थ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत. तिसऱ्या मजल्यावरचे काका. एस. टी.च्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना ड्रायव्हरांची नावं पाठ नव्हती, मालक कोण हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती, आणि मालिका त्यांनी एकदाच पाहून "यात गाडी कुठाय?" म्हणून सोडून दिली होती. शर्यत चालू असताना ते फक्त एकच प्रश्न विचारत, "याचा टायर आतून घासतोय का बाहेरून?" आम्ही "काका, चहा घ्या" म्हणून विषय बदलत असू.

आता मुद्द्यावर येतो, कारण हा लेख म्हणजे त्या मालिकेवरची माझी टीका आहे. सात वेळा पाहून टीका करणारा टीकाकार तुम्हांला दुसरा मिळायचा नाही.

मालिकेतलं एक प्रसिद्ध दार आहे. २०१९ मध्ये सिल्व्हरस्टोनला हासच्या दोन्ही गाड्या पहिल्याच फेरीत एकमेकींवर आदळून बाद झाल्या. नंतर दोन्ही ड्रायव्हरांची खरडपट्टी निघाली आणि मॅग्नुसनने बाहेर पडताना स्टाइनरच्या खोलीचं दार असं आपटलं, की ते मोडलं. त्या दाराला मालिकेत जेवढा वेळ मिळाला, तेवढा संघाच्या साऱ्या इंजिनिअरांना मिळून मिळाला नसेल. आणि दार होतंच बघण्यासारखं! पण ती शर्यत जिचा विचार करायला हासने त्या दिवशी नेली होती, ती गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नाही. त्या मोसमात गाडीचं दुखणं बरं होत नव्हतं, म्हणून सिल्व्हरस्टोनला एका गाडीवर त्यांनी मोसमाच्या सुरुवातीचे जुने भाग परत चढवले होते, दोन्हींची तुलना करायला. पहिल्याच फेरीतल्या धडकेपायी दोन्ही गाड्या गेल्या आणि तुलनाही गेली. खरी शोकांतिका ती होती. कॅमेरा दाराकडे होता.

याचा परिणाम असा, की आम्ही प्रेक्षक संघाकडे माणसांची यादी म्हणून बघू लागलो. हा चांगला, तो वाईट, याला काढा, त्याला आणा. मालिकेत टायर हे पात्रच नाही. त्याला संवाद नाहीत, त्याला राग येत नाही, तो दार आपटत नाही. तो नुसता झिजतो.

आणि २०२३ मध्ये हास संघ झिजला तो तिथेच. त्या वर्षी ड्रायव्हर दोन्ही अनुभवी होते, निको हुल्केनबर्ग आणि मॅग्नुसन. मेहुण्यांच्या पंथाप्रमाणे आता आबादीआबाद व्हायला हवी होती. कॅनडात पावसातल्या पात्रता फेरीत हुल्केनबर्गने चक्क दुसरा नंबर काढला. एका नियमभंगाच्या शिक्षेमुळे शर्यत पाचव्या जागेवरून सुरू केली आणि संपवली पंधराव्या. वर्षभर हेच. शनिवारी वाघ, रविवारी शेळी. कारण एका फेरीपुरता कोरा टायर कुणालाही साथ देतो. तीनशे किलोमीटर द्यायची झाली की हिशेब सुरू होतो. वळणावर गाडी किंचित सरकली की रबर तापतं, रबर तापलं की पकड सुटते, पकड सुटली की गाडी आणखी सरकते. चक्रवाढ व्याजाचं गणित मी रोज लोकांना समजावून सांगतो, पण टीव्हीवर ते माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं असताना मला ओळखता आलं नाही. वर्षअखेर गुण बारा आणि नंबर दहावा, म्हणजे शेवटचा.

जानेवारी २०२४ मध्ये मालकाने स्टाइनरला निरोप दिला. मला खरोखर वाईट वाटलं. दोन दिवस कॅश टॅली होईना. त्याच्या जागी नेमला तो आयाओ कोमात्सु, पहिल्या दिवसापासून याच संघात असलेला जपानी इंजिनिअर. मालिकेत तो मागच्या बाजूला हेडफोन लावून कुठेतरी दिसला असेल तर असेल. "आतलाच माणूस वर चढवला, संपलं!" असं मी जाहीर केलं. वीस वर्षं क्लार्क राहिलेल्या माणसाने हे म्हणावं, यातला विनोद घरात फक्त चिरंजीवांना कळला आणि ते उघड हसले.

कोमात्सुने आल्या आल्या सांगितलं, की मोसमाच्या सुरुवातीला आम्ही बहुधा शेवटी असू. नवीन मॅनेजरने पहिल्याच मीटिंगला असं बोलणं मी उभ्या हयातीत ऐकलेलं नाही. मग बहारीनच्या चाचणीत बाकीचे संघ वेगाच्या फेऱ्या मारून घड्याळात चमकत असताना याने लांब पल्ल्याच्या फेऱ्यांवर भर दिला. टायर किती टिकतो, कुठे तापतो, पुन्हा तेच, पुन्हा तेच. इटलीतली आणि इंग्लंडमधली माणसं एकमेकांशी नीट बोलतील, अशी व्यवस्था लावली. दाखवायला यात काहीच नाही. कॅमेरामन झोपला असता.

मार्च २०२४ मध्ये जेद्दाहची शर्यत झाली. मॅग्नुसनला दहा-दहा सेकंदांच्या दोन शिक्षा झाल्या होत्या, म्हणजे त्याची शर्यत गेल्यातच जमा. तेव्हा त्याने मागच्या गाड्यांना आपल्या मागे असं अडवून धरलं, की पुढे गेलेल्या हुल्केनबर्गला टायर बदलून परत यायला फट मिळाली. दहावा नंबर आणि एक गुण. एक! ज्या माणसाने दार मोडलं होतं, तो आता दुसऱ्याच्या एका गुणासाठी शर्यतभर दारात पहारा देत होता. अडवलेल्या संघांनी बोटं मोडली, आमच्या चेअरमनसाहेबांनीही "हे खिलाडूपणात बसतं का?" असा प्रश्न मांडला. मला विचाराल तर त्या वर्षातलं सगळ्यांत देखणं दृश्य ते.

वर्षअखेर हास ५८ गुणांसह सातवा. तेच मालक, तेच इंजिन, तेच दोन ड्रायव्हर. न्यायाने सांगायचं तर ती गाडी २०२३ मध्ये, म्हणजे स्टाइनरच्याच अमदानीत, आखलेली होती. तेव्हा श्रेय कोणाच्या खात्यात जमा करायचं, हे तूर्त सस्पेन्स अकाउंटला टाकलेलं बरं. आमच्या शाखेतली पासबुकाची रांग तीन मॅनेजर बदलून हटली नव्हती. एका शिपायाने प्रिंटर काउंटरच्या या टोकाचा त्या टोकाला नेला आणि ती हटली. त्याचं श्रेय कोणाला मिळालं हे तुम्हांला ठाऊकच असणार.

२०२५ मध्ये गुण आणखी वाढले, ७९ झाले, आणि नंबर सातवरून आठवर उतरला. पगारवाढ झाली आणि महागाईही झाली, एवढंच त्याविषयी म्हणतो.

तर सांगत काय होतो, त्या २०२४ च्या मोसमानंतर मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन काकांना रीतसर सांगितलं, "काका, तुमचंच खरं निघालं. टायरच होता." मला वाटलं, मेहुण्यांसारखे तेही "मी काय सांगत होतो" म्हणतील. काका गॅलरीत उभे राहून खाली पार्किंगकडे बघत होते.

"साहेब," ते म्हणाले, "ती निळी स्कूटर तुमचीच ना? मागचा टायर पार गोटा झालाय. दिवाळीपासून बघतोय मी."