‘घरात’ आणि ‘घरी’ : बोर्नवुड प्रकरणातील शब्दविचार

मनोरुग्णालयात ठेवलेल्या माणसाला परत आणण्यासाठी त्याच्या आप्तांनी चालविलेल्या लढ्यांचा विचार बहुधा करुणेच्या अथवा कायद्याच्या अंगाने होतो. भाषेच्या अभ्यासकाने त्यांत लक्ष घालावे असे काही असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. वस्तुतः या लढ्यांत वादाचा विषय पुष्कळदा एखाद्या शब्दाचा अर्थ हाच असतो. माणूस ‘दाखल झाला’ की ‘त्याला दाखल केले’, तो तेथे ‘राहतो’ की ‘त्याला ठेवले आहे’, या निर्णयावर त्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते. इंग्लंडमधील बोर्नवुड प्रकरण (१९९७–२००४) हे याचे उत्तम उदाहरण होय. ज्याच्याविषयी हा वाद झाला त्या माणसाला बोलताच येत नव्हते, ही गोष्ट येथे आरंभीच लक्षात घेतली पाहिजे.

न्यायालयीन कागदपत्रांत ज्याचा उल्लेख केवळ ‘एच. एल.’ या आद्याक्षरांनी होतो, त्या गृहस्थाचा जन्म १९४९ सालचा. तो स्वमग्न होता आणि उपचारांस संमती देण्याइतकी समज त्याच्या ठायी नव्हती. सरे परगण्यातील बोर्नवुड रुग्णालयात त्याने तीस वर्षांहून अधिक काळ काढला. मार्च १९९४ मध्ये त्याला प्रायोगिक तत्त्वावर एका दांपत्याच्या घरी राहावयास पाठविण्यात आले. हे दांपत्य वेतन घेऊन त्याचा सांभाळ करीत होते, रक्ताचे नाते नव्हते. तथापि पुढे त्याच्यासाठी जे लढले ते हेच दोघे. २२ जुलै १९९७ रोजी दिवसाच्या देखभाल केंद्रात तो प्रक्षुब्ध झाला व भिंतीवर डोके आपटू लागला. दांपत्याशी संपर्क होऊ शकला नाही. त्याला गुंगीचे औषध देण्यात आले आणि दुसऱ्या एका रुग्णालयामार्गे पुन्हा बोर्नवुडमध्ये नेण्यात आले. सक्तीने दाखल करण्याची १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील रीतसर पद्धती योजली गेली नाही, कारण त्याने विरोध केला नव्हता. आरंभी दांपत्यास त्याची भेट घेऊ दिली नाही. त्यांना पाहून त्याला त्यांच्याबरोबर घरी जावेसे वाटेल, हे त्याचे कारण. ज्याला अडवून ठेवलेले नाही असे म्हणावयाचे, त्याला घरची माणसे दिसू नयेत अशी तजवीज करावी लागावी, यातच सर्व वादाचे बीज आहे.

रुग्णालयाच्या बाजूचा कळीचा शब्द ‘अनौपचारिक प्रवेश’ हा होता. हा शब्द वाईट हेतूने घडलेला नाही. मानसिक रुग्णालाही इतर रुग्णांप्रमाणेच, कोणत्याही सक्तीच्या आदेशावाचून, रुग्णालयात जाता यावे अशी शिफारस १९५७ साली पर्सी आयोगाने केली व १९५९ च्या कायद्याने ती स्वीकारली. वेडेपणाचा शिक्का पुसून टाकावा, हा त्यामागील उदार विचार. परंतु औपचारिकतेबरोबर तिच्या आश्रयाने असलेले संरक्षणही गेले. रीतसर स्थानबद्ध केलेल्या रुग्णास मुदत होती, न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय होती. ‘अनौपचारिक’ रुग्णास, तो स्वतः उठून जाऊ शकत नसला तरीही, यांपैकी काहीच नव्हते.

उच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९७ मध्ये एच. एल.च्या वतीने केलेली मागणी फेटाळली, अपील न्यायालयाने ती मान्य केली, आणि डिसेंबरमध्ये तो घरी परतला. परंतु २५ जून १९९८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तीन विरुद्ध दोन मतांनी असे ठरविले की, त्याला अडकवून ठेवलेच नव्हते. बहुमताचा युक्तिवाद व्याकरणाच्या परिभाषेत मांडता येण्यासारखा आहे. ‘त्याने जाण्याचा प्रयत्न केला असता, तर त्याला अडविले असते’ हे वाक्य संकेतार्थी होय; त्याने प्रयत्न केला नाही व त्याला अडविले नाही, एवढेच काय ते घडलेले; आणि जे घडले नाही त्याला अटकाव कसे म्हणावे? लॉर्ड स्टाइन यांनी मात्र, तो जाण्यास मोकळा होता ही कल्पना म्हणजे परीकथा आहे, असे निक्षून म्हटले. अर्थात्, ‘आवश्यकता’ या तत्त्वाखाली रुग्णालयाची कृती समर्थनीय ठरते, याविषयी पाचही न्यायाधीशांचे एकमत होते.

बहुमताची संकेतार्थाविषयीची ही समजूत अपुरी म्हणावी लागते. ‘या पुलावरून जड गाडी नेली, तर तो कोसळेल’ हे वाक्य, गाडी कोणीही नेली नाही तरी, पुलाच्या आजच्या स्थितीविषयी काही सांगते. संकेतार्थ नेहमीच निव्वळ कल्पनेचा वाचक नसतो. किंबहुना अंगी असलेला गुण अथवा लादलेले बंधन व्यक्त करण्याची ती भाषेची नेहमीची रीत आहे. ५ ऑक्टोबर २००४ रोजी स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हेच वेगळ्या शब्दांत सांगितले. प्रत्यक्ष अटकाव आणि प्रसंगी होऊ शकणारा अटकाव हा भेद त्याने निर्णायक मानला नाही. दार कुलूपबंद होते की नव्हते, यावरही निकाल अवलंबून ठेवला नाही. त्याच्यावर सतत देखरेख व नियंत्रण होते आणि तो जाण्यास मोकळा नव्हता, एवढे न्यायालयाला पुरेसे वाटले. विरोधाचा अभाव म्हणजे संमती नव्हे, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले. मौनाला संमती समजणारा संकेत बोलू शकणाऱ्यांच्या व्यवहारातला आहे. ज्याला वाणीच नाही, त्याच्या मौनावर तो लादता येत नाही.

या निकालाच्या परिणामी इंग्लंडमध्ये ‘स्वातंत्र्यहरणाविरुद्ध संरक्षणे’ नावाची नवी व्यवस्था एप्रिल २००९ पासून अमलात आली. तथापि चांगल्या हेतूने घडविलेला शब्द संस्थेच्या हाती गेल्यावर त्याचे काय होते, हे अल्पावधीतच पुन्हा दिसून आले. डिसेंबर २००९ च्या अखेरीस स्टीव्हन नीअरी हा स्वमग्न तरुण, वडिलांना थोडी विश्रांती मिळावी म्हणून, काही दिवसांपुरता हिलिंग्डन येथील नगर प्रशासनाच्या देखभालीखाली गेला आणि जवळजवळ वर्षभर तेथेच अडकला. संरक्षणासाठी योजलेले आदेश त्याला ठेवून घेण्यासाठी वापरले गेले. ते देणारे प्रशासनच त्याला ठेवून घेणारेही होते. वडिलांनी मोहीम चालविली आणि जून २०११ मध्ये न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी ते स्वातंत्र्यहरण बेकायदेशीर ठरविले. वडिलांची मागणी मुलाला ‘घरी’ आणण्याची होती. चांगल्या व्यवस्थेची, सुधारित खोलीची किंवा दुसऱ्या संस्थेची ती नव्हती.

मराठी वाचकाला या मागणीचे स्वरूप अधिक स्पष्टपणे कळू शकते, कारण मराठीत सप्तमीची दोन रूपे येथे वेगळी झाली आहेत. ‘घरात’ म्हणजे वास्तूच्या आत. ‘घरी’ म्हणजे जेथे आपण कोणाचे तरी आहोत अशा ठिकाणी. ‘रुग्णालयात’ असे म्हणता येते, ‘रुग्णालयी’ असे कोणी बोलत नाही. संस्थेला घरासारखे रूप देता येते, भिंतींना रंग व खिडक्यांना पडदे देता येतात. परंतु त्याने माणूस फार तर ‘घरात’ येतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली चेशायर वेस्ट प्रकरणी लेडी हेल यांनी सोन्याचा पिंजरा हाही पिंजराच होय असे म्हटले, त्याचा रोख याच दिशेने आहे.

मात्र आप्तांची भाषाही तपासून पाहिली पाहिजे. ‘आमचा माणूस’ या प्रयोगातील षष्ठी प्रेमाची असते, तशीच मालकीचीही असू शकते. आणि जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलणारा कुटुंबीय चुकणारच नाही, असे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे तर प्रश्न पुष्कळदा उलट असतो : रुग्ण बरा होऊनही ‘घरचे’ न्यावयास येत नाहीत. २०१७ च्या भारतीय मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, कुटुंब नाही अथवा ते स्वीकारीत नाही एवढ्याच कारणाने कोणासही आस्थापनेत ठेवू नये, असे सांगितले आहे, आणि टाकून दिलेल्या रुग्णाला कौटुंबिक घरात राहण्याचा हक्क बजावण्यास साहाय्य देण्याचे कर्तव्य शासनावर घातले आहे. ही तरतूद मोलाची आहे. परंतु कायद्याची मजल येथवरच असते : तो माणसाला ‘घरात’ पोहोचवू शकतो. बोर्नवुडमधील त्या गृहस्थाला ‘घरी’ नेणारे त्याच्या रक्ताचे नव्हते. त्याची वाट पाहत होते, एवढेच.