पोथीचा धनी
मर्विन पीक यांच्या ‘टायटस ग्रोन’ (१९४६) या कादंबरीत गॉर्मेनगास्ट गढीचे विधी सांभाळण्याचा अधिकार पिढीजात आहे. ग्रंथालयाच्या आगीत साउरडस्ट मरतो आणि त्याचा ७४ वर्षांचा, एका पायाचा मुलगा बार्क्वेंटाइन त्या जागी येतो. विधींचा अर्थ हरपलेला. पोथीतील क्रम मात्र चुकता कामा नये. फायलींत आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस याचे हसू येईना. पुढे ‘गॉर्मेनगास्ट’मध्ये (१९५०) मुदपाकखान्यातून पळालेला स्टीअरपाइक म्हाताऱ्याच्या हाताखाली पोथी शिकतो, त्यालाच ठार करतो, अधिकार बळकावतो, आणि विधी चालूच राहतात! लेखकाशी आमचे भांडण येथे आहे. ज्याची विधींवरील निष्ठा निखळ, त्या म्हाताऱ्यासच त्यांनी इतके किळसवाणे का रंगवावे?