‘मक्तेदारी’ या शब्दाविषयी

गूगलविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये दिलेल्या निर्णयांची मराठीत चर्चा होते तेव्हा ‘मक्तेदारी’ हा शब्द हटकून योजला जातो. तो येथे कितपत लागू पडतो हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. प्रश्न केवळ कोशाचा नव्हे. शब्द चुकला की तक्रारही भलत्याच जागी जाते.

मक्ता हा अरबी मूळाचा शब्द. ठरावीक रकमेवर वसुलीचा वा विक्रीचा अधिकार सरकारने एखाद्यास द्यावा, तो मक्ता. मक्त्याला, अर्थात, कोणीतरी देणारा लागतो. पुढे १९६९ च्या मक्तेदारीविषयक अधिनियमाने उद्योगाच्या मालमत्तेवर नजर ठेवली आणि या शब्दाला आकारमानाचा अर्थ चिकटला. २००२ च्या स्पर्धा अधिनियमाची दृष्टी निराळी आहे. त्याचे कलम ४ प्रबळ स्थानाला दोष देत नाही. त्या स्थानाच्या दुरुपयोगाला देते. नेमका हाच भेद ‘मक्तेदारी’ पुसून टाकते.

शहाडच्या बाजारात नवा फोन घेणाऱ्याचा व्यवहार दुकानदाराशी होतो. गूगलची अ‍ॅप्स मात्र त्यात आधीच असतात, कारण गूगल व फोननिर्माता यांचा करार त्याच्या अपरोक्ष झालेला असतो. प्ले स्टोअर हवे तर गूगलचा सारा संच घ्यावा, ही त्यातील अट आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी दोषास्पद ठरविली व १३३७.७६ कोटी रुपये दंड केला. दोष अँड्रॉइडच्या व्याप्तीचा नव्हता, अटीचा होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. परंतु आयोगाचे चार आदेश रद्द केले. अ‍ॅप्स काढून टाकण्याची मुभा देणारा आदेश त्यांतच गेला! दुरुपयोग ठरविताना प्रत्यक्ष परिणाम तपासला पाहिजे, असेही न्यायाधिकरणाने म्हटले. आयोगापुढे कोणीही नागरिक माहिती मांडू शकतो. पण ‘कंपनी फार मोठी आहे’ एवढ्याने त्याचे काम भागणार नाही.

गंमत अशी की अ‍ॅप-भांडाराच्या बाबतीत जुना शब्द अगदीच टाकाऊ नाही. प्ले स्टोअरमधील विक्रीचे पैसे गूगलच्याच देयकपद्धतीने घ्यावेत, या सक्तीबद्दल आयोगाने त्याच महिन्यात ९३६.४४ कोटींचा दुसरा दंड केला. मार्च २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. नाक्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडून वसुली करणारा मक्तेदार येथे ओळखू येतो. फरक इतकाच, की हा मक्ता त्याला कोणी दिलेला नाही.